निराशेचे ऐकून घ्यावे, तिचे ऐकू नये

मराठीत बाळ नपुंसकलिंगी असते. पोटातले मूल हलते, लाथ मारते, आज ते शांत आहे असे आई म्हणते, आणि या सगळ्या काळात भाषा त्याला 'ते' एवढेच म्हणते. मग प्रसूतीच्या खोलीत किंवा सोनोग्राफीच्या पडद्यासमोर कोणीतरी एक शब्द उच्चारते आणि 'ते' कायमचे 'तो' होते किंवा 'ती' होते. बहुतेक आईबापांना त्या क्षणी आनंद होतो. काहींना मात्र आनंदाबरोबर, क्वचित आनंदाऐवजी, आत काहीतरी खचल्यासारखे वाटते. त्यांना दुसरे हवे होते. भोवतीची माणसे अभिनंदन करत असताना हे कोणाला सांगायचे, आणि सांगितले तर ऐकणारा आपल्याला काय समजेल, या विचाराने ती गप्प राहतात.

या निराशेविषयी सध्या दोनच सुरांत बोलले जाते. एक सूर धिक्काराचा. असे वाटणेच लाजिरवाणे आहे, मूल धडधाकट असताना कुरकुर करणारे आईबाप कृतघ्न आहेत, असे तो सांगतो. दुसरा सूर बाजाराचा. वाटते ना, मग वाटू का द्यायचे, तंत्रज्ञान उपलब्ध आहे, हवे ते निवडा, असे तो सुचवतो. मला हे दोन्ही सूर चुकीचे वाटतात, आणि दोन्ही चुका एकाच गोंधळातून आल्या आहेत असेही वाटते. आपल्या भाषेत 'ऐकून घेणे' आणि 'ऐकणे' या दोन वेगळ्या क्रिया आहेत. एखाद्याचे ऐकून घेणे म्हणजे त्याला मध्येच न तोडता बोलू देणे. एखाद्याचे ऐकणे म्हणजे तो सांगेल तसे वागणे. बाळाच्या लिंगाबद्दलच्या निराशेचे ऐकून घ्यावे आणि तिचे ऐकू मात्र नये, असे माझे म्हणणे आहे. धिक्कार करणारे पहिले नाकारतात, बाजार दुसरे करायला लावतो.

ही भावना फक्त मुलगाच हवा म्हणणाऱ्या मागास समाजांची आहे, अशी एक सोयीची समजूत आहे. अमेरिकेत गॅलप ही संस्था १९४१ पासून लोकांना विचारत आली आहे की एकच मूल होणार असेल तर मुलगा हवा की मुलगी. १९४१ मध्ये ३८ टक्के लोकांनी मुलगा आणि २४ टक्क्यांनी मुलगी असे उत्तर दिले होते. २०१८ मध्ये हे आकडे ३६ आणि २८ होते. मधल्या पाऊण शतकात स्त्रियांच्या जगण्यात जेवढा बदल झाला, त्या मानाने हा बदल फारच किरकोळ आहे. उलट काही समाजांत आणि अनेक घरांत मुलगी हवी असते आणि मुलगा झाल्याचे दुःख होते. दोन-तीन मुलग्यांनंतर पुन्हा मुलगाच झाल्यावर रडलेल्या आयांची कमतरता कोणत्याच देशात नसावी. भावना सर्वत्र आहे, तिची दिशा आणि तिची ताकद मात्र जागोजागी वेगळी आहे.

हे दुःख नेमके कशाचे असते, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समोर जे मूल आहे त्याची तर अजून ओळखही झालेली नसते, तेव्हा त्याच्याबद्दल निराशा होण्याचा संभवच नाही. दुःख असते ते मनात वाढवलेल्या दुसऱ्या मुलाचे. गर्भ राहण्याच्या कितीतरी आधीपासून माणूस मनातल्या मनात एक मूल वाढवत असतो. त्या मुलाला नाव असते, चेहरा असतो, त्याच्याशी व्हायचे संवाद ठरलेले असतात. आपल्या आईशी जे नाते जमले नाही ते मुलीशी जमेल, असे एखादीला वाटत असते. वडील लवकर गेलेल्या एखाद्याला मुलग्याच्या रूपाने तो अर्धवट राहिलेला सहवास पुन्हा सुरू करायचा असतो. भाऊ किंवा बहीण गमावलेल्यांच्या मनात तर ते माणूसच परत येणार असते. लिंग कळते तेव्हा ही सगळी कल्पिलेली माणसे एका क्षणात नाहीशी होतात. म्हणून या भावनेला निराशा म्हणणे काही वेळा अपुरे पडते, तो छोटासा शोकच असतो, आणि शोकाला कारण विचारून गप्प बसवता येत नाही.

पण हे समजून घेतल्यावर पुढचा प्रश्नही विचारला पाहिजे. त्या कल्पिलेल्या मुलाचे जे गुण मनात होते, ते खरोखर लिंगातून येणार होते का? आईशी मन मोकळे करणारी मुलगी, बापाच्या खांद्याला खांदा लावून काम करणारा मुलगा, ही चित्रे स्वभावाची आणि सहवासाची आहेत. मनमोकळे मुलगे असतात, अबोल मुली असतात. मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये स्त्री-पुरुषांच्या मानसिक फरकांवरील ४६ व्यापक आढावे एकत्र तपासले, तेव्हा मोजलेल्या फरकांपैकी ७८ टक्के फरक अगदी लहान किंवा जवळपास शून्य निघाले. याचा अर्थ फरक मुळीच नसतात असा नाही. पण एवढ्याशा आधारावर आपण एका संपूर्ण माणसाचे भाकीत करत असतो. शिवाय काही मुले जन्मतः 'तो' आणि 'ती' यांच्या चौकटीत स्पष्टपणे बसत नाहीत, आणि काही मुले मोठी झाल्यावर सांगतात की जन्माच्या वेळी उच्चारलेला तो शब्द त्यांच्यापुरता चुकला होता. तेव्हा ज्या बातमीवर आपण हसतो किंवा रडतो ती बातमी आपल्याला वाटते तेवढे काही सांगत नाही.

मूल मुलगा होणे की मुलगी होणे ही जवळजवळ नाणेफेक आहे. निसर्गतः दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. जॉन अर्बथनॉट याने १७१० मध्ये लंडनच्या ८२ वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी तपासल्या आणि दर वर्षी मुलग्यांची संख्या अधिक असल्याचे दाखवले. संख्याशास्त्राच्या इतिहासात त्या निबंधाला मानाचे स्थान आहे. शंभर वर्षांनी, १८१४ मध्ये, लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने संभाव्यतेवरील आपल्या निबंधात एक निरीक्षण नोंदवले, ते मला फार बोलके वाटते. मुलग्याची आस लावून बसलेले बाप त्या महिन्यात दुसऱ्यांच्या घरी मुलगे जन्मल्याचे ऐकून अस्वस्थ होत, कारण मुलग्यांचा साठा संपत चालला आणि आता आपल्या वाट्याला मुलगी येणार असा त्यांचा हिशेब असे. दोनशे वर्षांनंतरही हा हिशेब चालूच आहे, फक्त तो घराच्या आत आला आहे: तीन मुली झाल्या, आता तरी मुलगा होईलच. नाण्याला आधीच्या फेकी आठवत नाहीत. तीन मुले असलेल्या घरांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात तिन्ही एकाच लिंगाची असणे अपेक्षितच आहे, त्यात कोणाचा दोष नाही आणि कोणावर अन्यायही नाही.

दोष मात्र दिला जातो, आणि तो बहुधा बाईला दिला जातो. १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स यांनी पिठातल्या एका किड्याच्या पेशींचा अभ्यास करून दाखवून दिले की शुक्राणू दोन प्रकारचे असतात आणि संततीचे लिंग त्यावरून ठरते. त्याच वर्षी एडमंड विल्सन हेही स्वतंत्रपणे त्याच दिशेच्या निष्कर्षाला पोचले होते. या शोधाला एकशे वीस वर्षे झाली. तरी मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारी घरे आहेत. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. या शोधाचा आधार घेऊन 'लिंग बापावरून ठरते' असे ठासून सांगण्याची पद्धत पडली आहे, ती सद्हेतूची आहे, पण तीत गुन्हेगार फक्त बदलतो, गुन्हा तसाच राहतो. कोणता शुक्राणू पोचला हे बापानेही ठरवलेले नसते. मुलगी होणे ही कोणाची तरी चूक आहे हे गृहीतकच जायला हवे, तिचा मालक बदलून भागणार नाही.

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते. मुलगा व्हावा म्हणून त्याने पहिल्या राणीशी विवाह रद्द ठरवून घेतला, रोमच्या धर्मपीठाशी संबंध तोडले आणि अ‍ॅन बोलिनशी लग्न केले. ७ सप्टेंबर १५३३ रोजी तिला मूल झाले. राजपुत्र झाल्याचे कळवणारी पत्रे आधीच तयार होती. त्यांतल्या 'prince' या इंग्रजी शब्दाच्या शेवटी एक अक्षर घुसवून राजपुत्राची राजकन्या करावी लागली आणि आनंदासाठी ठरलेले घोडेस्वारांच्या भाल्यांच्या द्वंद्वांचे सामने रद्द झाले. पावणेतीन वर्षांच्या आत, मे १५३६ मध्ये, अ‍ॅनचा शिरच्छेद करण्यात आला. ती नकोशी मुलगी म्हणजे पहिली एलिझाबेथ, आणि तिने १५५८ ते १६०३ अशी चव्वेचाळीस वर्षे राज्य केले. सांगणारे इथे समाधानाने थांबतात. मला हा शेवट पटत नाही. मुलगी पुढे कर्तबगार निघाली म्हणून तिचे स्वागत व्हायला हवे होते, असे म्हटले की ज्या लाखो मुली सामान्य आयुष्य जगतात त्यांचे स्वागत कशाच्या बळावर करायचे? नकोशा लिंगाच्या मुलाने आयुष्यभर पराक्रम करून आपल्या जन्माची भरपाई करावी, ही अपेक्षा त्या पहिल्या निराशेइतकीच क्रूर आहे, आणि ती जास्त दिवस टिकते.

आता धिक्काराच्या सुराकडे येतो. गरोदरपणात कोणी विचारले की काय हवे, तर ठरलेले उत्तर असते: काहीही चालेल, सुखरूप असू दे म्हणजे झाले. बहुसंख्य लोक ते मनापासून म्हणतात. पण ते एक बंद दारही आहे. ज्यांच्या मनात एक इच्छा आहे त्यांना ती इच्छा या वाक्याखाली पुरावी लागते, आणि पुढे तिचा भंग झाला की त्या दुःखाला नावच उरत नाही, कारण इच्छा कधी नव्हतीच असे आपण सर्वांना सांगून बसलेलो असतो. या वाक्यात आणखी एक काटा आहे. ज्यांचे मूल आजारी किंवा अपंग जन्मते त्यांनी हे वाक्य आठवून काय करायचे? त्यांच्या मुलाने तर ती एकमेव अटही पूर्ण केली नाही. मुलाच्या स्वागताला कोणतीच अट नसावी हे म्हणायला सोपे, पण आपण ज्या वाक्याला निःस्वार्थाचा नमुना समजतो तेही अटीचेच आहे, एवढे ध्यानात घ्यावे.

कोणी म्हणेल की ज्यांना मूलच होत नाही, ज्यांचे मूल पोटात किंवा जन्मतः गेले, त्यांच्यासमोर ही तक्रार कशी करायची? त्यांच्यासमोर करू नये, हे अगदी खरे. बोलण्याला जागा आणि माणूस पाहावा लागतो. पण दुसऱ्याचे दुःख मोठे असल्याने आपले दुःख नाहीसे होत नाही, त्यावर फक्त अपराधीपणाचा थर चढतो. आणि बाळंतिणीच्या मनावर असा थर चढणे धोक्याचे असते. गोव्यातील मातांचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात प्रसूतीनंतरच्या नैराश्याचा बाळाच्या लिंगाशी संबंध दिसला, आणि नवऱ्याची मारहाण किंवा उपासमार यांसारख्या इतर धोक्यांचा परिणामही बाळाच्या लिंगानुसार बदलत असल्याचे आढळले. म्हणजे मुलगी होणे हे एकटे कारण नसते. आधीच दबलेल्या बाईवर ते आणखी एक ओझे होते. प्रसूतीनंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी एडिनबरो प्रश्नावली १९८७ मध्ये तयार झाली. तिच्यात दहा प्रश्न आहेत: हसू येते का, झोप लागते का, विनाकारण स्वतःला दोष देता का. बाळ ज्या लिंगाचे हवे होते त्या लिंगाचे झाले का, असा प्रश्न त्यात नाही. तो प्रश्नावलीत घालावा असे मी म्हणत नाही, पण तपासणाऱ्या परिचारिकेने किंवा डॉक्टरांनी तो हलक्या आवाजात, नातेवाईक खोलीत नसताना, विचारायला हवा. विचारल्यावर बहुतेकींचे डोळे भरून येतील आणि बहुतेकींना त्याहून अधिक कशाची गरजही पडणार नाही.

ही निराशा म्हणजे स्वतंत्र मानसिक आजार मानावा का, याचीही चर्चा झाली आहे. तेरेझा हेंडल आणि तमारा ब्राउन या अभ्यासकांनी २०२० मध्ये या प्रश्नाचा विचार करून तसे मानण्यास आधार नाही असे मत मांडले. त्यांचे म्हणणे मला योग्य वाटते. ज्यांचे दुःख आठवड्यांमागून आठवडे हटत नाही, ज्यांना बाळाला जवळ घ्यावेसे वाटत नाही, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येतात, त्यांना ताबडतोब उपचार हवेत, आणि ते उपचार नैराश्याचे असतात. आजाराला 'लिंगाबद्दलची निराशा' असे नाव दिले की औषध म्हणून लिंगनिवड पुढे येते. हीच ती जागा, जिथे ऐकून घेणे सुटते आणि ऐकणे सुरू होते.

ऐकल्याचे परिणाम काय झाले ते जगाने पाहिले आहे. १९९० मध्ये अमर्त्य सेन यांनी दहा कोटींहून अधिक स्त्रिया जगातून 'बेपत्ता' असल्याचा हिशेब मांडला; संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२० मध्ये तो आकडा चौदा कोटींच्या पुढे नेला. यांतल्या अनेकींचा जन्मच होऊ दिला गेला नाही, आणि अनेकजणी जन्मल्यावर दुर्लक्षाने गेल्या. हे दुर्लक्ष कसे चालते तेही अभ्यासकांनी बारकाईने पाहिले आहे. मोनिका दास गुप्ता यांनी १९८७ मध्ये पंजाबच्या ग्रामीण भागाबद्दल दाखवले की भेदभावाचा मार सगळ्या मुलींवर सारखा पडत नाही, ज्यांना आधीच मोठी बहीण आहे त्यांच्यावर तो विशेषत्वाने पडतो. सीमा जयचंद्रन आणि इल्याना कुझिएम्को यांनी २०११ मध्ये भारतातील माहितीवरून दाखवले की मुलींना अंगावर पाजण्याचा काळ मुलग्यांपेक्षा कमी असतो, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे मुलगा व्हावा म्हणून पुढचा गर्भ लवकर हवा असतो. त्या आईच्या मनात मुलीबद्दल द्वेष असेलच असे नाही. ती फक्त पुढच्या वेळेची वाट पाहत असते, आणि तेवढ्याने हातातल्या मुलीचे दूध तुटते. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने भारतातील अशा 'नकोशा' मुलींची संख्या दोन कोटी दहा लाखांच्या घरात असल्याचा अंदाज दिला होता. मुलगा होईपर्यंत थांबायचे नाही, या वागण्यातून जन्मलेल्या या मुली. त्या जगल्या, जनगणनेत मोजल्या गेल्या, पण घरात त्या दुसऱ्या कोणाच्या तरी वाटेवर आल्या होत्या.

इथे एक प्रामाणिक अडचण आहे. तीन मुलग्यांनंतर मुलीची आस असलेल्या आईला या इतिहासाशी जोडणे अन्याय नाही का? परिणामांच्या दृष्टीने अन्यायच आहे. तिच्या हातून कोणाचा जीव जात नाही, कोणाचे दूध तुटत नाही. तरी मूळ एकच आहे असे मला वाटते: मुलाचे लिंग कळले की मूल कसे असेल आणि आपल्या काय उपयोगी पडेल हे कळले, हा विश्वास. म्हणूनच मुलींची पसंती वाढल्याच्या बातम्या वाचून मला पुरता आनंद होत नाही. जपानमध्ये १९८० च्या दशकापासून एकच मूल हवे असलेल्या दांपत्यांत मुलीला पसंती वाढत गेली. त्यामागे एक कारण हेही सांगितले जाते की म्हातारपणी मुलगी आपल्याला पाहील. पूर्वी मुलगा हवा असे, तोही म्हातारपणासाठीच. उपयोगाची यादी बदलली आणि पसंती बदलली, एवढेच. सेवा करील म्हणून हवी असलेली मुलगी आणि वंश चालवील म्हणून हवा असलेला मुलगा या दोघांनाही जन्माआधीच काम नेमून दिलेले असते.

बाजाराच्या बाजूने सर्वांत सशक्त युक्तिवाद असा केला जातो. जिथे मुलगे आणि मुली सारख्याच प्रमाणात निवडल्या जातील, जिथे लोकसंख्येचा समतोल बिघडणार नाही आणि गर्भपातही करावा लागणार नाही, तिथे प्रयोगशाळेतल्या भ्रूणांतून हव्या त्या लिंगाचा भ्रूण निवडण्यात कोणाचे काय नुकसान? अमेरिकेत हे कायदेशीर आहे आणि अनेक दवाखाने 'कुटुंबाचा समतोल' या गोंडस नावाने ते करतात. उलट वैद्यकशास्त्र आणि मानवी हक्क यांविषयीच्या १९९७ च्या ओव्हिएडो कराराने तो स्वीकारलेल्या युरोपीय देशांत, २००४ च्या कायद्याने कॅनडात आणि २००८ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये, लिंगाशी जोडलेला गंभीर आनुवंशिक आजार टाळण्याचे कारण नसेल तर ही निवड निषिद्ध ठरवली आहे. शुक्राणू लिंगानुसार वेगळे करण्याचे एक तंत्र तर मुळात जनावरांच्या पैदाशीसाठी अमेरिकेच्या कृषी खात्यात विकसित झाले होते.

या युक्तिवादाला माझे उत्तर लोकसंख्येच्या आकड्यांत नाही. पुष्कळ पैसे मोजून, इंजेक्शने टोचून घेऊन, नको त्या लिंगाचे भ्रूण बाजूला ठेवून ज्या आईबापांनी मुलगी आणली, त्यांना मुलगी नव्हे, एक विशिष्ट मुलगी हवी होती: मनातली ती. ती आली नाही आणि वेगळीच कोणी आली, केस वाढवायला नकार देणारी, आईशी न बोलणारी, दिवसभर बाहेर धुळीत खेळणारी, तर? निवडीने निराशा टळत नाही, ती काही वर्षे पुढे ढकलली जाते, आणि तोवर ती ऐकायला एक समजदार मूल घरात आलेले असते. नवजात बाळाला आईबापांचे उतरलेले चेहरे वाचता येत नाहीत, ही त्यातल्या त्यात दयेची गोष्ट आहे. दहा वर्षांच्या मुलीला ते वाचता येतात.

बंदीने सगळे साधत नाही, हेही मान्य करतो. दक्षिण कोरियात १९९० मध्ये दर १०० मुलींमागे सुमारे ११६ मुलगे जन्मत होते. गर्भाचे लिंग सांगण्यास डॉक्टरांना १९८७ मध्येच मनाई झाली होती, म्हणजे कायदा असतानाही प्रमाण बिघडलेलेच होते. पुढे मुली शिकल्या, नोकऱ्या करू लागल्या, शहरांत एकेकटी घरे झाली; घराचा प्रमुख पुरुषच असेल अशी कुटुंबनोंदणीची पद्धत २००५ मध्ये घटना न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली आणि २००८ पासून ती संपली. आज तिथले प्रमाण नैसर्गिक पातळीवर आले आहे, इतके की फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने लिंग सांगण्यावरची मनाई अनावश्यक म्हणून रद्द केली. जिथे प्रमाण अजून बिघडलेले आहे तिथे ती मनाई राहिलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कोरियात पसंती बदलली ती मुलग्याशिवाय घर चालू शकते हे लोकांनी प्रत्यक्ष पाहिल्यावर.

लिंग कधी कळते यानेही निराशेचे रूप बदलते. गर्भाचा डीएनए आईच्या रक्तात सापडतो हे डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले, आणि आता अनेक देशांत दहाव्या आठवड्याच्या सुमारास रक्ताच्या चाचणीतून लिंग कळते. तिथल्या आईबापांना शोक करायला तीस आठवडे मिळतात. त्याचा काहींना उपयोग होतो हे खरे आहे. भारतात गर्भाचे लिंग सांगण्यास मनाई करणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे ते जन्माच्या क्षणीच कळते, तेव्हा इथे निराशा आणि बाळ एकाच वेळी हातात येतात. या दोन्हींपेक्षा मला काळजी वाटते ती लिंग जाहीर करण्याच्या समारंभांची. रंगीत धूर उडतो, कॅमेरा आईबापांच्या चेहऱ्यावर असतो, आणि बापाचा उतरलेला चेहरा विनोद म्हणून हजारोंना दाखवला जातो. अशाच एका समारंभातल्या धुराच्या नळकांड्याने सप्टेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियात वणवा पेटला आणि तो विझवताना एका अग्निशामक जवानाचा जीव गेला. तो अपघात अपवादाने घडला. चित्रफीत मात्र प्रत्येक वेळी शिल्लक राहते, आणि जिच्या येण्याने तो चेहरा उतरला ती एक दिवस ती पाहते.

घरोघरी चित्रफीत नसली तरी गोष्ट असते. तुझ्या वेळी आम्ही मुलाचे नाव ठरवून ठेवले होते, तू झालीस तेव्हा आजीने दोन दिवस पाहायला यायचे टाळले, असे हसत हसत सांगितले जाते आणि ऐकणारे मूलही हसते. त्याला हसावेच लागते. आईबापांनी जी गोष्ट तेव्हा एखाद्या मोठ्या माणसाजवळ बोलून संपवायला हवी होती, ती न बोलल्यामुळे मागे राहते आणि वीस वर्षे विनोदाच्या वेषात जेवणाच्या पंगतीला येऊन बसते. म्हणून मी पुन्हा पुन्हा ऐकून घेण्याचा आग्रह धरतो. जोडीदाराने ऐकून घ्यावे, मैत्रिणीने, बहिणीने घ्यावे. ऐकताना 'पुढच्या वेळी होईल' असे म्हणू नये, कारण त्या तीन शब्दांनी समोरचे बाळ लगेच मागच्या वेळचे होते. 'अगं, मुलीच बऱ्या' किंवा 'मुलगे आईचे असतात' अशी समजूतही घालू नये, तीही पुन्हा कामे नेमून देण्यासारखीच आहे. विचारावे, कसे वाटते आहे, आणि थांबावे. बोलणारी रडली तर रडू द्यावे. त्या वेळी बाळ शेजारी झोपलेले असेल, त्याने काही बिघडत नाही.

आणि पुढे कधी मुलाने स्वतःच विचारले की तुम्हाला काय हवे होते, तर खोटे बोलायची गरज पडू नये. आमच्या मनात एक दुसरेच चित्र होते, ते मोडल्याचे काही दिवस वाईट वाटले, तेव्हा तुझी-आमची ओळख झाली नव्हती, असे सांगता यावे. हे उत्तर शांतपणे देता येते ते त्याच आईबापांना, ज्यांनी ते पहिल्यांदा त्या मुलासमोर उच्चारलेले नसते.